‘मॅडम, आता काहीच वाटत नाही’: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचा बर्नआउट समजून घेताना

परवा तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीची केअर प्लॅनची, म्हणजे रुग्णाची काळजी कशी घ्यायची त्या आराखड्याची, फाइल तपासत होते. पेशंट मेल मेडिकल वॉर्डातला, वय ६२, आजार न्यूमोनिया. लाल पेनने मथळे, निळ्याने मजकूर, पट्टीने आखलेले समास, सगळं जागच्या जागी. तिसऱ्या पानावर मात्र एक ओळ होती : ‘एन्करेज मदर टू ब्रेस्टफीड’.

६२ वर्षांच्या आजोबांना स्तनपानाचा सल्ला! प्रसूती वॉर्डातली कुणा सीनिअरची फाइल रात्री पुढ्यात घेऊन उतरवली होती, हे उघड होतं. मी तिला बोलावलं. वाटलं होतं, जीभ चावेल, निदान फिसकन हसेल तरी. तिने ती ओळ पाहिली आणि म्हणाली, “चुकलं मॅडम. परत लिहून देते.”

“अगं, लिहिताना वाचलंससुद्धा नाहीस?”

“खरं सांगू का मॅडम, आता काहीच वाटत नाही.”

मला हिचं पहिलं वर्ष चांगलं आठवतं. नऊ नंबरच्या खाटेवरच्या आजी जेवत नव्हत्या, तर ही त्यांच्याजवळ वरणभाताची वाटी घेऊन पाऊण तास बसली आणि बाकीची कामं राहिली म्हणून इन्चार्ज सिस्टरांची बोलणी खाऊन आली. तेव्हा ती रडली होती. आता ती रडतही नाही, आणि मला भीती वाटली ती त्याची.

आमच्या स्टाफरूममध्ये अशा मुलांसाठी एक ठरलेलं वाक्य असतं : हल्लीच्या पोरांना सहनशक्ती नाही, सगळा वेळ मोबाइलमध्ये. कितीतरी वर्षं मीही हेच म्हणत होते. पुढे मात्र लक्षात आलं की अशी कोमेजणारी मुलं बहुतेक वेळा पहिल्या वर्षी सगळ्यात उत्साही असणारीच असतात. जी पहिल्यापासून अंग राखून असतात ती फारशी जळत नाहीत. त्यांच्यात जळायला होतंच काय?

शब्द आला कुठून

‘बर्नआउट’ हा शब्द १९७४ साली अभ्यासाच्या भाषेत आला. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमध्ये दिवसा आपली प्रॅक्टिस करायचे आणि संध्याकाळनंतर एका मोफत दवाखान्यात काम करायचे. तिथले स्वयंसेवक मोठ्या तळमळीने यायचे आणि वर्षभरात चिडचिडे, थकलेले, कडवट होऊन जायचे. फ्रॉइडेनबर्गर स्वतःही त्यातून गेले. म्हणजे हा शब्द मुळातच रुग्णसेवेच्या जागी जन्मला.

पुढे कॅलिफोर्नियातल्या क्रिस्टिना मास्लाख यांनी सुझन जॅक्सन यांच्यासोबत १९८१ मध्ये तो मोजायची प्रश्नावली केली आणि त्याचे तीन पदर दाखवले. पहिला पदर थकव्याचा. झोपून उठल्यावरही जात नाही असा थकवा. दुसरा, माणसांपासून आणि कामापासून तुटत जाण्याचा. ‘पाटील काका’चं ‘बेड नंबर चौदा’ होतं, ‘चौदा नंबर’चं ‘तो सीओपीडी’ (फुफ्फुसाचा जुना आजार) होतं, आणि शेवटी ती एक ओलांडायची खाट उरते. तिसरा पदर, आपल्याला काही जमत नाही, आपल्या असण्याने काही फरक पडत नाही, असं वाटण्याचा. डच संशोधक विल्मार शौफेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हीच मोजपट्टी विद्यार्थ्यांसाठी बेतली आणि स्पेन, पोर्तुगाल आणि नेदरलँड्समधल्या विद्यापीठांत वापरून पाहिली. तिथे ‘काम’च्या जागी ‘अभ्यास’ आला, बाकी तीनही पदर तसेच राहिले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजारांच्या वर्गीकरणात जागा दिली, पण आजार म्हणून नव्हे. नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून कामाच्या ठिकाणी उद्भवणारी अवस्था, असं तिचं वर्णन आहे, आणि हा शब्द नोकरीच्या कामापुरताच वापरावा असंही तिथे म्हटलं आहे. मग विद्यार्थ्याचं काय? इंजिनिअरिंगच्या मुलाबाबत यावर वाद घालता येईल. नर्सिंगच्या मुलीबाबत तो घालायचं कारण नाही, कारण ती सकाळी नोकरदारासारखी कामावर असते आणि दुपारी विद्यार्थिनी असते. दोन्हीकडचा ताण तिचा, पगार कुठलाच नाही.

ताण आणि बर्नआउट यांतला फरक मी शेतकऱ्यांच्या घरातल्या मुलींना विहिरीवरच्या मोटारीवरून सांगते, त्यांना तो लगेच कळतो. उसाला, कांद्याला, गव्हाला एकदम पाणी हवं आहे, मोटार सारखी चालते आहे, तापते आहे, पण विहिरीत पाणी आहे. हा ताण. दोन दिवस बंद ठेवली की मोटार निवते. पण विहीर आटली तरी मोटार चालूच राहिली, कोरडी फिरत राहिली, की जळते. नंतर विहीर भरली तरी ती मोटार आपोआप सुरू होत नाही. परीक्षा संपल्यावर घरी चार दिवस झोपून जी टवटवीत होते ती ताणात होती. दिवाळीची सुट्टी संपवून आली तरी पहिल्याच दिवशी वॉर्डाच्या दारात जिचे पाय जड होतात, तिची मोटार बघायला हवी.

पाणी जातं कुठे

बीएस्सी नर्सिंगच्या २०२१ च्या अभ्यासक्रमात वार्षिक पद्धत जाऊन आठ सत्रं आली. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या हिशेबाने आठवड्याला ४० तास. कागदावर हे एखाद्या सरकारी ऑफिसइतकंच दिसतं. पण त्या चाळिसात पहाटे पाचला हॉस्टेलच्या बाथरूमबाहेरची रांग नाही, कॉलेजच्या बसचा वेळ नाही आणि मुख्य म्हणजे फाइल नाही. केअर प्लॅन, केस स्टडी, केस प्रेझेंटेशन, ड्रग फाइल, हेल्थ टॉक, प्रोसिजर बुक, लॉगबुक, आणि हे प्रत्येक पोस्टिंगला, म्हणजे दर नव्या वॉर्डातल्या नेमणुकीला, नव्याने. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रत्येक वॉर्डातली प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के भरावी लागते. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. इंजेक्शन द्यायला शिकणारीने वॉर्डात पूर्ण वेळ असलंच पाहिजे. पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा की तापाने चार दिवस पडलेली मुलगी बरी झाली की रविवारी आणि सुट्टीत ते चार दिवस भरून काढते. तिचं आजारपणसुद्धा उधारीवर असतं.

शिवाय ती वॉर्डात नेमकी कोण असते? कौन्सिलच्या प्रमाणानुसार शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स हवी. मी जिथे जिथे काम केलं तिथल्या जनरल वॉर्डांत रात्रपाळीला एक किंवा दोन सिस्टर आणि खाटा भरून जमिनीवर गाद्या, हेच पाहिलं. मग सगळ्यांचे टीपीआर-बीपी (ताप, नाडी, श्वास, रक्तदाब) बघणं, नमुने लॅबला पोचवणं, ट्रॉली ढकलणं, ऑक्सिजनचं सिलिंडर शोधणं हे ‘स्टुडंट’ करतात. त्यात शिकणं किती आणि नुसतं हरकाम्या होणं किती? पहिल्यांदा बीपी बघणं हे शिक्षण, दहावं बीपी हा सराव, आणि एकाच सकाळी चाळिसावं बीपी ही फुकटची मजुरी. मुलांना हा फरक बरोबर कळतो. आपण त्यांना तो बोलू देत नाही. ब्रदरलोकांची, म्हणजे नर्सिंग शिकणाऱ्या मुलग्यांची, तऱ्हा आणखी वेगळी : उचलाउचल आली की त्यांना हाक, पुरुष पेशंटला कॅथेटर घालायचं की त्यांना हाक, आणि प्रसूती वॉर्डात मात्र “तू बाहेर थांब”.

लॅबमध्ये आम्ही चादरीच्या कोपऱ्याची घडी बरोबर पंचेचाळीस अंशात शिकवतो. वॉर्डात गेल्यावर मुलगी विचारते, “सिस्टर, चादर?” सिस्टर म्हणतात, “लाँड्रीतून आली की.” ती दुपारी येते. अमेरिकेतल्या मार्लिन क्रेमर यांनी १९७४ मध्येच या धक्क्याला ‘रिअॅलिटी शॉक’ म्हटलं होतं : शाळेत शिकवलेली नर्सिंग आणि वॉर्डातली नर्सिंग यांच्यातली दरी, जिच्यात नव्या नर्सेस पडतात आणि काही जणी पेशाच सोडतात. आपल्याकडे त्या दरीवर पूल बांधण्याऐवजी मुलीलाच सांगतात, “परीक्षेत मॅडमने शिकवलं तसं लिही, इथे आम्ही सांगतो तसं कर.” एकोणीस वर्षांच्या मुलीने दोन सत्यं एकाच वेळी सांभाळायची.

आणि भाषा. याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून मी जरा थांबते. आमच्या वर्गात बीडच्या, गडचिरोलीच्या, नंदुरबारच्या मुली असतात. बहुतेकींचं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठीतून झालेलं. काहींची घरची बोली अहिराणी, गोंडी, भिली. बारावी सायन्सची दोन वर्षं इंग्रजीशी कशीबशी झटून त्या इथे येतात, आणि पहिल्याच आठवड्यात अॅनाटॉमीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक समोर येतं. रुग्ण सांगतो, “छातीत कळ येतीया, दम लागतोय.” मुलीला ते नेमकं कळतं, तिच्या आजीलाही दमा होता. पण फाइलमध्ये ते ‘डिस्निया रिलेटेड टू’ (अमुक कारणाने धाप) अशा साच्यात घालताना ती अडते आणि सीनिअरची फाइल उघडते. एकदा नक्कल केली की समजून घ्यायचं राहतं, समजलं नाही की पुढची फाइलही नक्कलच होते, आणि सहा महिन्यांत तिला खात्री पटते की आपल्याला काही येत नाही. मास्लाखबाईंच्या तिसऱ्या पदराची सुरुवात कितीतरी जणींच्या बाबतीत इथे होते. जिला रुग्णाशी सगळ्यात चांगलं बोलता येतं, तीच कागदावर ‘ढ’ ठरते.

आता जे सांगते ते बाहेरच्यांना बहुधा माहीत नसतं. रुग्ण वॉर्डात दगावला की नातेवाइकांना बाहेर थांबवून पडदा ओढतात आणि ‘लास्ट ऑफिस’ करतात. नळ्या काढायच्या, डोळे मिटायचे, हनुवटी बांधायची, नाका-कानात कापसाचे बोळे, अंग पुसून घ्यायचं, नावाची चिठ्ठी बांधायची. हे करताना बहुतेक वेळा एक सिस्टर आणि एक विद्यार्थिनी असते. काहींनी तोवर घरातलंसुद्धा मरण जवळून पाहिलेलं नसतं. तासाभराने त्याच खाटेवर नवीन चादर पडते, नवा पेशंट येतो, ही हात धुऊन बसमध्ये बसते आणि दोन वाजता सोशिऑलॉजीच्या लेक्चरला हजेरी लावते. त्या मधल्या वेळात तिला कुणी विचारत नाही, “कशी आहेस?” मीही कितीदा विचारलं नाही, कारण मलाही कुणी विचारलं नव्हतं.

समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाई सुंदरींवरच्या अभ्यासातून दाखवलं की चेहऱ्यावर ठरलेला भाव आणणं आणि आतला भाव दाबणं हेही श्रमच असतात. मी त्याला भावनांची मजुरी म्हणते. वॉर्डात ओरडणाऱ्या नातेवाइकापुढे शांत राहणं, वास आला तरी नाकाला पदर न लावणं, डोळे भरले तरी ‘प्रोफेशनल’ दिसणं : या मजुरीचे तास कुठल्याच वेळापत्रकात धरलेले नसतात. रोज आतून भरून यायला लागलं आणि रितं करायला जागाच नसली की मन स्वतःच अंतर ठेवायला शिकतं. ‘काहीच वाटत नाही’ ही त्या मुलीची उर्मटपणाची भाषा नव्हती. जगून राहायची तिची ती युक्ती होती.

घरचं ओझं मी थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे. शैक्षणिक कर्ज, उशिरा येणारी स्कॉलरशिप, “तुझी नोकरी लागली की धाकट्याचं बघू”. अलीकडे त्यात जर्मन भाषेच्या क्लासची भर पडली आहे, जर्मनीत नर्सेसना मागणी आहे म्हणून.

नुसता थकवा, बर्नआउट की आणखी काही?

इथे मी नर्स म्हणून आधी एक कोरडं काम सांगते : रक्त तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ दरम्यान, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे वर्गातल्या साठ मुलींपैकी तीस-पस्तीस जणींचं हिमोग्लोबिन कमी असेल तर नवल नाही. मेसमधली पातळ डाळ, सकाळी न खाता गाठलेली बस आणि मासिक पाळीचा जास्त रक्तस्राव, यातून जिना चढताना धाप लागते, लक्ष लागत नाही, चिडचिड होते. त्याला बर्नआउट म्हणून समुपदेशन करत बसलो तर तिचं नुकसान. थायरॉइडचंही तेच. रोज दुसऱ्यांच्या रक्ताचे नमुने लॅबला नेणाऱ्या मुलींचं स्वतःचं रक्त वर्षानुवर्षं तपासलेलं नसतं, ही आमच्या पेशाची खास गंमत.

दुसऱ्या बाजूला नैराश्य आहे, आणि ती सीमारेषा ओळखणं जास्त महत्त्वाचं. बर्नआउट बहुधा अभ्यास आणि ड्यूटीभोवती असतो. मुलगी वॉर्डाच्या नावाने कंटाळते, पण मावशीच्या लग्नात नाचते. नैराश्य सगळीकडे पसरतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडली, आपण सगळ्यांना ओझं झालो आहोत असं वाटतं, जगायलाच नको वाटतं, तर तिथे वेळापत्रकाच्या गप्पा थांबवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. केंद्र सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, फोन मोफत, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. हा नंबर हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर फी थकल्याच्या यादीखाली दबलेला नसावा, एवढी माझी विनंती.

मग करायचं काय

बारा मेच्या परिचारिका दिनाला आम्ही रांगोळी स्पर्धा घेतो, शपथ घेतो, दिवे लावतो. मध्यंतरी एका ठिकाणी ‘स्ट्रेस मॅनेजमेंट’चं शिबिर झालं, सात तासांची ड्यूटी संपवून आलेल्या मुलींसाठी, दुपारी चार वाजता, हजेरी सक्तीची. डोळे मिटून श्वासावर लक्ष द्यायला सांगितलं तेव्हा निम्म्या जणी झोपी गेल्या. मला ते शिबिर यशस्वी वाटलं. त्यांना तेच हवं होतं.

प्राणायाम, ध्यान यांनी काही जणींना बरं वाटतं आणि त्याला माझी ना नाही. पण मोटारीला ऑइलिंग करून विहिरीत पाणी येत नाही. बर्नआउटच्या अभ्यासात २००१ पासून रुजलेली एक मांडणी आहे, एवा डेमेरूटी, अर्नोल्ड बाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. तिचा सारांश आपल्या जमाखर्चासारखा आहे. एका बाजूला कामाच्या मागण्या, दुसऱ्या बाजूला ते पेलायला मिळणारी साधनं : वेळ, मार्गदर्शन, कौतुक, स्वतःच्या कामावर थोडा हक्क, सोबत. मागण्या वाढल्या की माणूस थकतो. साधनं आटली की मन कामातून उठतं. रुग्णांचं दुःख कमी करणं आपल्या हातात नाही, पण खर्चाच्या बाजूला बरंच फालतू साठलेलं असतं, ते कमी करता येतं. आणि जमेच्या बाजूला फार पैसे न लावता भर घालता येते.

फालतूत पहिला नंबर फाइलचा. एका पोस्टिंगला पाच केअर प्लॅन मागितले की पाचही नक्कल होतात. एकच मागितला, दोन पानांचा, पण “उद्या खाटेशी उभं राहून मला तोंडी सांग, हे तू का केलंस” असं सांगितलं, तर नक्कल करता येत नाही आणि करावी लागतही नाही. कौन्सिलच्या आणि विद्यापीठाच्या यादीत जे आहे ते द्यावंच लागेल. पण त्यावर कॉलेजागणिक चढवलेले थर असतात : रंगीत पेन, सजवलेली मुखपृष्ठं, एका चुकीसाठी अख्खं पान पुन्हा. हे थर कुठल्याही नियमात नाहीत. ते आम्ही शिक्षकांनी चढवले आहेत आणि आम्हीच काढू शकतो.

अभ्यासाचंही तसंच. रात्रभर तेच पान पाच वेळा वाचल्याने येतंय असं वाटतं, राहत मात्र नाही. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे होते, पण आठवड्याने पुस्तक मिटून आठवून पाहणारे पुढे गेले. म्हणून मी मुलींना सांगते, पन्नास औषधांची ड्रग फाइल उतरवण्यापेक्षा आज तुझ्या पेशंटच्या चार्टवर जी तीन औषधं आहेत ती घे. बसमध्ये मैत्रिणीला मराठीत सांग : हे कशासाठी, देण्याआधी काय बघायचं, दिल्यावर कशावर लक्ष ठेवायचं. ‘डिगॉक्सिन, हृदयाचा ठोका नीट पडावा म्हणून. देण्याआधी एक पूर्ण मिनिट ठोके मोजायचे. मोठ्या माणसात साठच्या खाली असले तर गोळी थांबवायची, डॉक्टरांना कळवायचं.’ हे एकदा आपल्या भाषेत पक्कं झालं की इंग्रजीत लिहायला दोन दिवस लागतात. उलट दिशेने चार वर्षंही पुरत नाहीत.

रात्रपाळीचं गणित वेगळं आहे. १९९७ मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात सलग सतरा तास जागलेल्यांची हात-डोळ्यांच्या कामातली अचूकता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्यांइतकी घसरली होती. आणि ही मुलगी पहाटे सहाला इन्सुलिनचं युनिट मोजत असते. रात्रपाळीआधी दुपारी दीड-दोन तास झोप, पहाटे तीननंतर चहा नाही, परतल्यावर खिडकीला जाड चादर, फोन दूर, हे तिने करावं. पण ती सकाळी साडेनऊला झोपते आणि दहाला वॉर्डन हजेरीला दार वाजवतात, बाराला मेस बंद होतं, दोनला ‘कम्पल्सरी’ लेक्चर असतं, याला तिने काय करावं? रात्रपाळीच्या मुलींना मजल्याच्या टोकाची एक वेगळी खोली, झाकून ठेवलेलं ताट आणि त्या आठवड्यात लेक्चरमधून सूट. एवढ्याला ना ग्रँट लागते ना ठराव.

वॉर्डातून निघताना पंधरा मिनिटं. मी हल्ली हे करते, बसची वाट बघताना झाडाखाली. आज काय बघितलं, काय मनाला लागलं, काय बरं केलं. पहिले तीन दिवस सगळ्या गप्प असतात, चौथ्या दिवशी एक बोलते आणि मग थांबवावं लागतं. लास्ट ऑफिस करून आलेली मुलगी असेल तर लेक्चरला जायची सक्ती नाही, पण एकटं खोलीवर जायलाही नाही. कुणीतरी सोबत चहाला बसायचं. दुसरी गोष्ट पेशंटसमोर अपमान न करण्याची. चूक लगेच थांबवायची, पण सुनवायचं ते ड्यूटी रूममध्ये. आणि “ए स्टुडंट” अशी हाक बंद. तिच्या छातीवर नावाची पट्टी असते, ती वाचायला एक क्षण लागतो. आमच्या इन्चार्ज सिस्टरांना हे सांगताना मला थोडं धाडस करावं लागलं, कारण त्याही थकलेल्या आहेत आणि त्यांनाही कुणी नावाने हाक मारलेली नाही.

समुपदेशकाबद्दल : सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमायचा आहे. काही कॉलेजांत हे काम सायकियाट्रिक नर्सिंग शिकवणाऱ्या मॅडमच्या गळ्यात घालून विषय संपवतात. ज्यांच्या हातात इंटर्नल मार्क आहेत त्यांच्यापुढे मनातलं कोण बोलेल? समुपदेशक बाहेरचा हवा, आठवड्यातून एकदा आला तरी चालेल, आणि त्याची खोली प्रिन्सिपलच्या केबिनसमोर नको.

त्या मुलीला मी रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ८.९ आलं. गोळ्या सुरू झाल्या, पुढच्या पोस्टिंगला तिच्याकडून एकच केअर प्लॅन मागितला आणि मराठीत लिहिलं तरी चालेल असं सांगितलं. इंग्रजी नंतर दोघी मिळून करू. फार काही बदललं असा दावा मी करणार नाही. ती अजून वॉर्डात कमी बोलते. गेल्या आठवड्यात मात्र फाइलच्या समासात, पट्टीने आखलेल्या रेषेच्या बाहेर, पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं : ‘आजोबा चहा मागतात, शुगर २८०. बिनसाखरेचा चालेल का, डाएटिशियनना विचारायचं. त्यांना कप हातात धरवत नाही.’